पेवातलं पाणी

उद्धवराव वारले त्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर आला. उद्धवरावांना आंघोळ घालायची होती. त्यांची बायको केशरआक्का घागर घेऊन टँकरपाशी गेली. टँकरवाल्याने पाणी दिलं नाही. घरातल्या माठात तीन तांबे पाणी होतं. त्यात उद्धवरावांची आंघोळ झाली.

मी त्या रांगेत होतो.

ही हकिकत आता आमच्या गल्लीत वेगळी सांगतात. पुढे आक्काने त्या माणसाला माफ केलं, बाईचं मन मोठं होतं, असा तिचा शेवट करतात. आक्का जाऊन पाच महिने झाले. स्वतःचं म्हणणं मांडायची सोय तिला राहिली नाही, म्हणून मी मांडतो. आक्काने त्याला माफ केलं नव्हतं. पंधरा वर्षं तिने थेंब थेंब पाणी राखलं ते सूड म्हणून. त्यावर पुण्याचा मुलामा कुणी चढवू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्या दोघांच्या अंगणात एकच भिंत. मी घाटनांदूरच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो आणि ती त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. उद्धवराव शिवणकाम करायचे. एकुलती मुलगी रेखा लातूरला दिलेली. आक्का चौथी शिकलेली होती, पण चौथीपर्यंतचं तिला सगळं येत होतं, हे मी बऱ्याच पदवीधरांबद्दल म्हणू शकत नाही. ती मला गुरुजी म्हणायची. मी गुरुजी नाही, असं एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, पुस्तकं सांभाळतो तो गुरुजीच, शिकवणारे काय कुणीबी शिकवतंय.

इतर बायकांच्या पदराच्या गाठीला सुपारी नाहीतर किल्ली असते. आक्काच्या गाठीला नळाचे वायसर असायचे. नळाच्या पोटात बसते ती रबरी चकती. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेली आणि आत कुठे टपटप ऐकू आली, की तिचं बोलणं तुटायचं. "तुमचा नळ रडायलाय," असं म्हणून ती घरमालकिणीकडे पाना मागायची आणि कपाळावरचं कुंकू ओलं असतानाच नळ उघडून बसायची. एका लग्नघरी वरपक्षाचा मानापमान चालू असताना तिने मांडवामागच्या तीन तोट्या नीट केल्या. निघताना नवऱ्यामुलाच्या आईला म्हणाली, सून कशी निघती ते माहीत न्हाई, तोट्या आता चांगल्या हायत.

पाव्हण्याला ती अर्धा तांब्या पाणी द्यायची आणि लागलं तर पुन्हा द्यायची. उरवलेलं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायची. तिचं घर बघायला तालुक्याचे एक साहेब आले होते. त्यांनी चहाआधी चूळ भरली आणि अंगणातल्या फरशीवर टाकली. आक्का म्हणाली, "साहेब, चूळ बी झाडात टाकायची. फरशीला तहान न्हाई लागली." साहेबांनी नंतर चहाचा कपही झाडापाशी नेऊन प्यायला.

भांडी घासायला तिची तीन घमेली असत. पहिल्यात राखेने घासलेलं बुचकळायचं, दुसऱ्यात धुवायचं, तिसऱ्यात विसळायचं. तिसऱ्यातलं पाणी संध्याकाळी पहिल्यात जायचं आणि पहिल्यातलं गाळून शेवग्याला. न्हाणीतलं पाणी वाळू आणि खडीच्या चरातून कर्दळीत उतरायचं, कर्दळीतून केळीत. झाडाला साबणाची चव आवडत नाही म्हणून ती अंगाला डाळीचं पीठ लावायची, लुगडी रिठ्याने धुवायची. लिंबोणीच्या दोन्ही बाजूंना जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली मडकी होती. ती भरून वर झाकणी ठेवायची. मडकं आतून झिरपतं आणि मुळं आपली आपण त्याच्याकडे येतात. लोक झिरपणारा माठ फेकून देतात, आक्का असे माठ मागून आणायची. बुडाशी उसाच्या पाचटाची गादी. मे महिन्यात आमच्या गल्लीत तेवढीच एक लिंबोणी हिरवी असायची. सरबताला लिंबं मागायला येणाऱ्यांनाही ती विचारायची, सरबतात पानी कुठलं घालनार?

हे सगळं कुठून सुरू झालं ते आता सांगतो. त्यात माझाही भाग आहे.

त्या वर्षी दुष्काळ होता. नळ बंद, विहिरी कोरड्या. गल्लीसाठी टँकरच्या दिवसाला दोन खेपा ठरलेल्या होत्या आणि येत होती एक, तीही एक दिवसाआड. टँकर ज्याचा होता तो आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचा. त्याच्या अंगणात हिरवळ होती आणि भर दुपारी तो तिच्यावर पाइपने पाणी मारायचा. सगळ्यांना कळत होतं. अर्ज करायला कुणी तयार नव्हतं. आक्का एका संध्याकाळी भिंतीपाशी आली आणि मला म्हणाली, गुरुजी, तुमी लिवा, मी सही करते. मी लिहिला. चांगला लिहिला, मुद्देसूद. खाली तिने सही केली आणि तो तहसिलात देऊन आली. माझं नाव त्यात कुठे नव्हतं. तसं मीच ठेवलं होतं.

आठ दिवसांनी उद्धवराव झोपेतच गेले. आक्का घागर घेऊन आली तेव्हा टँकर गल्लीतच उभा होता आणि मालक स्वतः पाइप धरून होता. ती म्हणाली, आमचे मालक गेलेत, आंघोळीपुरतं द्या. त्याने पाइप पुढच्या घागरीत टाकला. वर बघितलंही नाही.

"अर्ज लिवलाय ना माझ्यावर? मग त्या अर्जानंच घाला आंघोळ."

रांगेत दोघं-तिघं हसले. हसले म्हणजे त्यांना मजा वाटली असं नाही. तो हसला म्हणून हसले. मग त्याने विचारलं, "एवढं शुद्ध कुनी लिवून दिलं, सांगा, लगेच घागर भरतो." आक्का म्हणाली, "मीच लिवलाय."

माझ्या दोन्ही बादल्या तेव्हा भरून झाल्या होत्या. मी त्या उचलल्या आणि घरी गेलो.

मी वाचणारा माणूस आहे. अशा प्रसंगी काय करायचं असतं ते मी किती तरी पुस्तकांत वाचलं होतं. आज कागदावर धीटपणे लिहिणारा माणूस त्या दिवशी दार लावून आत बसला होता. म्हणून वाचणाऱ्याने माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नये.

तेराव्यानंतर आक्का पुन्हा भिंतीपाशी आली. रडून झालं होतं. आवाज खिचडीचं सामान मागतानाचा होता. "गुरुजी," ती म्हणाली, "ह्या गल्लीत त्याचं चाक फिरू द्यायचं न्हाई." त्या दिवसापासून तिने त्याचं नाव तोंडातून काढून टाकलं. ती त्याला टँकर म्हणायची. टँकरच्या पोरीचं लग्न ठरलं. टँकरला म्हणे शुगर निघाली. मीही त्याचं नाव इथे लिहीत नाही.

त्याचं पाणी ती पुन्हा प्याली नाही. स्टेशनापलीकडच्या हापशावरून तिने डोक्यावर घागरी आणल्या, तो उन्हाळा आणि पुढचाही. याच दिवसांत तिला अंगणातलं पेव आठवलं.

आमचं गाव पांढऱ्या मातीवर वसलेलं आहे, त्यामुळे जुन्या घरांच्या अंगणात पेवं असायची. वर माणूस उतरेल एवढं तोंड, आत रांजणासारखं पोट सुटलेलं. त्यात ज्वारी साठवायची. आता कुणी साठवत नाही, लोक त्यात कचरा टाकून ती बुजवतात. आक्काच्या सासऱ्याच्या वेळचं पेव वर दगड ठेवून तसंच राहिलं होतं. तिने दगड काढला, दोरीला बांधून कंदील आत सोडला. कंदील विझला. आतली हवा मेलेली होती. चार दिवस तोंड उघडं ठेवून तिने पुन्हा कंदील सोडला, तो जळत राहिला तेव्हा गवंड्याला म्हणाली, उतर आता. गवंडी परळीचा होता. तो म्हणाला, मावशी, ह्यात पानी भरनार? ज्वारीचं भूत बाटलं की. ती म्हणाली, तू सिमेंट लाव, भुताचं मी बघते.

पहिल्या वर्षी फसलं. पेवाच्या भिंती पूर्वी शेणकाल्याने आणि भुसकटाने लिंपलेल्या असतात, ज्वारीला ओल लागू नये म्हणून. गवंड्याने ते खरवडलं नाही, त्यावरच गिलावा केला. तिनेही खरवडू दिलं नाही, कारण तो हात तिच्या सासूचा होता. पत्र्यावरचं पाणी पाइपाने पेवात उतरलं, शेणकाला भिजून फुगला, सिमेंटच्या खपल्या पडल्या आणि गणपती बसायच्या आत सगळं पाणी जमिनीत गेलं. खाली चार बोटं पिवळा चिखल उरला. टँकरने ते ऐकलं आणि चौकात म्हणाला, बाईनं जमिनीला पाजलं, आता तिलाच दूध येतंय का बघा.

आक्काने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, शब्द न् शब्द. मग विळा घेऊन स्वतः पेवात उतरली आणि सासूचं लिंपण खरवडून काढलं. दोन दिवस लागले. वर आली तेव्हा भुसकटाने केस पांढरे झाले होते. म्हणाली, "म्हातारीनं मला नांदवताना जेवढं छळलं न्हाई, तेवढं ह्या भिंतीनं छळलं." पुढच्या पावसाळ्यात पेव भरलं आणि भरलेलं राहिलं. पहिले दोन पाऊस ती पत्र्यावरून वाहून जाऊ द्यायची, राख आणि पाखरांची घाण धुऊन निघायला. नंतरचं पाणी वाळू-कोळशाच्या पिंपातून आत. दगड बांधलेल्या दोरीला गाठी मारून ती पाणी मोजायची आणि त्यानुसार घर चालवायची.

एवढ्यावर तिचं समाधान झालं असतं तर ती फक्त काटकसरी बाई ठरली असती. तिला गल्ली हवी होती. तिने घरं निवडली तीही हिशेबाने. सगळ्यांत आधी टँकरच्या भावजयीचं, सुमनचं घर. तिच्या पत्र्यावरून तिच्या पेवात स्वतः पाइप बांधून दिला. मी विचारलं, तिथून कावून सुरुवात? इतकी वर्षं इथं राहून माझ्या तोंडीही कधीकधी 'का'च्या जागी कावून येतं. आक्का म्हणाली, घरातली घागर रांगेतून गेली की त्याला आधी टोचंल.

दिवाळीनंतर आमची निम्मी गल्ली ऊसतोडीला जाते. दारांना कुलपं लागतात, तुळशी वाळतात. आक्का त्या सगळ्या घरांच्या वृंदावनाशी एकेक मडकं पुरायची, कापडाची वात लावायची आणि ते भरत राहायची. गुढीपाडव्याला माणसं कारखान्यावरून परत यायची ती थकून, काळी पडून, आणि दारात तुळस हिरवी बघून बाया तिथेच बसायच्या. अशा वेळी आक्का पाइपाचा विषय काढायची. तेव्हा तिला कुणी नाही म्हणालं नाही. हे प्रेम होतं की डावपेच, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन दोन्ही, पण डावपेच आधी.

सातव्या का आठव्या उन्हाळ्यात एका सकाळी पाण्याचा टँकर आला आणि तासभर उभा राहिला. एकही घागर बाहेर आली नाही. आक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. ड्रायव्हर बिचारा नवा. ती त्याला म्हणाली, "बाबा, चहा घेतो का? पानी हवं तर ते बी देते, आमच्यात लई हाय." ड्रायव्हर हसला, चहा प्याला आणि टँकर मागे मागे घेत गल्लीबाहेर गेला. वळायला जागा नव्हती. आक्का तो पूर्ण दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते समाधान होतं, पण देवळातून येणाऱ्या माणसाचं नव्हे.

आता ती गोष्ट, जिच्यावरून लोक तिला क्षमाशील म्हणतात.

त्यानंतर दोन वर्षांनी टँकरची आई वारली. वैशाख होता. त्याची बोअर आठवड्यापूर्वी आटली होती आणि टँकर दुरुस्तीला उघडून पडला होता. शेजारच्या गल्लीत पाणी नव्हतं. आमच्या गल्लीत होतं, पण वैशाखात एवढं पुरणारं आक्काच्याच पेवात. त्याने दोन माणसं आक्काकडे पाठवली. आक्का म्हणाली, आई त्याची हाय, त्याला येऊ द्या. तो आला. खांद्यावर घागर घेऊन, गल्ली दाराशी उभी असताना. आक्काने त्याला बसायला सांगितलं नाही आणि जाही म्हणाली नाही. पेवाचा दगड सरकवला आणि पोहरा त्याच्या हातात दिला. त्याने स्वतः ओढलं. एक घागर झाली तेव्हा तो थांबला. आक्का म्हणाली, "भर की. म्हातारीला भरपूर लागंल." अकरा घागरी त्याने ओढल्या. पाणी आक्कानेच चुलीवर कोमट केलं आणि बायकांबरोबर जाऊन म्हातारीला डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घातलं. तो दारात उभा राहून रडला. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

संध्याकाळी ती न्हाऊन ओट्यावर बसली होती. मी म्हणालो, आक्का, मोठं काम केलंत. ती माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

"कशाचं मोठं? न्हाई म्हनलं असतं तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या आन् इसरला असता. आता त्याच्या आईच्या अंगावरनं माझं पानी गेलंय. तो अंगावर तांब्या घेईल तवा त्याला उद्धवराव दिसतील. जलमभर."

थोड्या वेळाने म्हणाली, म्हातारी चांगली होती. तिच्यासाठी दोन घागरी दिल्या. बाकीच्या नऊ त्याच्यासाठी.

आक्का गेली श्रावणात. रेखा लातूरहून पोचली तेव्हा सकाळ झाली होती, आणि गल्लीच्या तोंडाशी दोन टँकर उभे होते. नवे, रंगवलेले. त्याने आंघोळीसाठी पाठवले होते. तो आता मोठा माणूस आहे, निवडून आलेला. ड्रायव्हरने पाइपही सोडून ठेवला होता. रेखा बाहेर आली, पाइपाकडे बघितलं आणि म्हणाली, "परत न्या. आमच्या आईला पानी हाय." एवढंच. आक्काला पेवातल्या पाण्याने आंघोळ घातली. किती घागरी, ते कुणी मोजलं नाही. ते पाणी चरातून कर्दळीत गेलं तेव्हा दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, पण रेखाने चर बंद केला नाही.

दहाव्या दिवशी शोकसभा झाली. तो बोलला. म्हणाला, माझ्या हातून तरुणपणी एक चूक घडली, पण त्या माउलीने पोटात घातली, माझ्या आईला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं, अशी क्षमा मी पाहिली नाही. लोकांनी डोळे पुसले. त्याने तिच्या नावाने स्टेशनाजवळ पाणपोई जाहीर केली. मग शिकलेला शेजारी म्हणून मला बोलायला उठवलं. मी म्हणालो, आक्का कष्टाळू होत्या, काटकसरी होत्या, त्यांचा आदर्श घ्यावा. आणि बसलो. दुसऱ्यांदा.

मला ती शेवटची दिसते ती जाण्याच्या आठ दिवस आधीची. पाय सुजले होते, ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. गोळी घेतली, पेल्यात घोटभर पाणी उरलं, ते हात लांबवून लिंबोणीच्या मडक्यात ओतू लागली. हात पोचेना. मी पेला घेऊ लागलो तर दिला नाही. सरकत सरकत गेली आणि ओतूनच परत आली. दम लागला होता. एवढी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते मी तेव्हा विचारलं. म्हणालो, आक्का, त्या दिवसाचं माझ्यावर काही आहे का मनात?

तिने पेला ओट्यावर पालथा घातला.

"तुमच्या दोन बादल्या भरल्या हुत्या, गुरुजी."

मी हो म्हणालो.

"त्या तुमी घरी नेल्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. मग ती म्हणाली, चहा घ्या, निवायलाय. मी चहा घेतला. ती भिंतीकडे वळून झोपली.

आता तिच्या घराला कुलूप आहे. रेखा महिन्याने येते, झाडं बघते, पत्रा झाडते. गल्लीत चौदा घरांना पाइप आहेत. स्टेशनाजवळची पाणपोई सुरू झाली आहे. वर संगमरवरी फलक आहे, त्यावर 'क्षमाशील केशरबाई यांच्या स्मरणार्थ' असं कोरलं आहे आणि खाली त्याचं नाव त्याहून मोठ्या अक्षरांत आहे. तिथली एक तोटी गळते. येणारे-जाणारे तिथे पाणी पितात. मी पीत नाही.